चूलबंद आवतण आणि वेगळी पंगत : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वस्वागताचा विचार

आंबेगाव तालुक्यातील लोणी आणि त्याच्या भोवतालचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख वारकरी परंपरेत मुरलेला आहे. तुकोबांचे गुरू मानले गेलेले बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यातच, ओतूर येथे आहे. या भागात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने आणि महाप्रसादाच्या पंगतींनी होते. अशा प्रसंगी ज्या घरी त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, त्या घराला दिलेल्या निमंत्रणास मराठी मुलखात ‘चूलबंद आवतण’ म्हणतात. त्यातून लहानथोर कोणीही वगळलेला नसतो. परंतु गावजेवणाची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, आवतण सर्वांस असले तरी पंगत सर्वांची एक नसे. कोणी ओसरीवर, कोणी अंगणात, कोणी गावकुसाबाहेर आपापल्या भांड्यात अन्न घेऊन जाई. बोलावणे आणि बसविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असे होत नाही.

ख्रिस्ती धर्माचा ‘सर्वांनी यावे’ हा संदेश मराठीत आला तो अशा समाजात. त्या संदेशास मराठीने कोणते शब्द दिले, आणि ते शब्द बोलावण्यापाशी थांबले की पंगतीपर्यंत पोचले, हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या समीक्षेतील मूलभूत प्रश्न होय. त्या वाङ्मयाचे परीक्षण आजवर बहुधा दोन अंगांनी झाले. एक भाषेच्या गोडव्याचे आणि दुसरे धर्मप्रसाराच्या हेतूचे. पहिल्याने ते वाङ्मय गौरविले गेले, दुसऱ्याने संशयिले गेले. स्वागताची क्रिया त्यात प्रत्यक्ष कशी घडते, हे पाहण्याचे मात्र राहून गेले.

प्रथम भाषेने पुरविलेली सामग्री पाहावी. धर्मांतरास लोकभाषेत रूढ असलेले क्रियापद ‘बाटणे’ हे आहे. भ्रष्ट होणे, विटाळणे आणि परधर्मात जाणे हे सारे अर्थ त्या एकाच धातूत एकवटले आहेत. म्हणजे एका समूहाने ज्यास ‘आत घेतला’ म्हणावे, त्यास दुसऱ्या समूहाने ‘विटाळला’ म्हणावे, अशी व्यवस्था कोशातच झालेली होती. ‘जातीत घेणे’, ‘पदरात घेणे’, ‘वाळीत टाकणे’ हे वाक्प्रचारही स्वागत आणि बहिष्कार यांची परिभाषा रोटीव्यवहाराच्या अनुरोधानेच ठरवितात. या भाषेत ‘या’ असे म्हणणारा वक्ता निरुपद्रवी राहूच शकत नव्हता. त्याचे ‘या’ हे कोणाच्या तरी कानी ‘बाटा’ असेच पडणार होते.

दुसरा शब्द ‘दुखावणे’. ‘मन दुखावले’ या प्रयोगात दुखविणारा कोण आणि त्याचा हेतू काय, याचा उल्लेख आवश्यक नसतो. दुःख झाले एवढेच वाक्य सांगते. कायद्याची भाषा याहून काटेकोर आहे. १९२७ मध्ये भारतीय दंडसंहितेत घातलेले कलम २९५ अ आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ ही दोन्ही धार्मिक भावनांच्या अवमानासाठी बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू आवश्यक मानतात. लोकभाषेतील ‘भावना दुखावणे’ हेतूचा विचार करीत नाही. म्हणूनच ज्या समाजात कोणाचेही मन न दुखावणे हा शिष्टाचाराचा पहिला नियम होऊन बसतो, तेथे नव्या माणसाला जवळ बसविणे हीदेखील आगळीक ठरू शकते.

मराठी बायबलाने या क्षेत्रात आणखी एक शब्द रूढ केला, तो ‘अडखळण’. मनाला लागलेली जखम आणि वाटेतला धोंडा यांत जे अंतर आहे तेच ‘दुखावणे’ आणि ‘अडखळण’ यांत आहे. पौलाच्या पत्रांत या भेदाला अन्नाचाच संदर्भ आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीस दाखविलेल्या नैवेद्याचा प्रश्न निघतो तेव्हा, आपल्या खाण्याने दुर्बल बंधू अडखळत असेल तर ते अन्न आपण सोडावे, असा त्याचा निर्णय आहे. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याच पौलाची भूमिका निराळी दिसते. अंत्युखियास परराष्ट्रीयांच्या पंगतीस बसणारा पेत्र, यरुशलेमेकडची माणसे आल्यावर त्यांच्या भीतीने पंगतीतून उठू लागला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. पंगत एक राहावी म्हणून आपले ताट बदलावे, पण कोणी दुखावेल म्हणून पंगत मोडू नये, असा त्यांचा एकत्रित आशय आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला लावण्याजोगी ही कसोटी बाहेरून आणावी लागत नाही, ती त्या वाङ्मयाच्या मूळ ग्रंथातच आहे.

या कसोटीवर पहिला येतो फादर थॉमस स्टीफन्स यांचा ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने साष्टीत आयुष्य वेचले. त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय त्याने ओळखली आणि तीच रचना स्वीकारली. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो. श्रोत्याच्या कानाला ओळखीचा असलेला शब्द मोडून काढण्याऐवजी त्याच्यातच नवा अर्थ भरणे ही स्वागताची एक थोर रीत आहे, आणि त्या दृष्टीने स्टीफन्सचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या साष्टीत हे पुराण वाचले गेले, तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण न्यायालय चालू होते. पुढे १६८४ मध्ये तर लोकांची भाषाच बंद करण्याचे फर्मान पोर्तुगीज सत्तेने काढले. ओवी प्रेमाने बोलावीत होती आणि भोवतालची सत्ता न येण्याची मुभा ठेवीत नव्हती. ज्याला नकार देता येत नाही त्याला दिलेले आवतण हे आवतण राहत नाही. हा दोष कवीच्या शैलीत नाही, पण त्या शैलीचे मूल्य ठरविताना तो दृष्टीआड करता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकातील वादपर गद्याने याच्या उलट टोक गाठले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे वाद झाले, त्यांत नकार देण्याची मुभा पूर्ण होती, किंबहुना नकार हाच व्यवहार होता. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावते. वादाच्या गद्याला ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांवाचून गती नसते, ‘आपण’ला तेथे जागा मिळत नाही. बाबा पदमनजींनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेले ‘यमुनापर्यटन’ या कोंडीतून वाट काढू पाहते. त्यात विधवांचे दुःख हा विषय मध्यभागी आहे, आणि दुःख हे कोणत्याही एका पक्षाचे नसल्यामुळे वाचक त्यात ‘आपण’ म्हणून शिरू शकतो. मात्र कथेची दिशा आधीच ठरलेली असल्याने शेवटी ती वाचकास आपल्या मुक्कामीच नेते. दुखावले जाणाऱ्यांची पर्वा न करण्याचे धैर्य या पिढीजवळ होते. पाहुण्याला आपल्या पावलाने येऊ देण्याची सबुरी मात्र तिच्याजवळ कमी होती.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न वाङ्मयाबाहेर पडून प्रत्यक्ष एका दारापाशी येऊन उभा राहतो. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांना तेथे आपला आचार पाळून राहता यावे आणि धर्मशिक्षण दिले जाऊ नये, अशी व्यवस्था होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ झाले. ‘केसरी’ने टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा संबंध सोडला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे केवळ विश्वासभंग म्हणून किंवा केवळ छळ म्हणून पाहणे अपुरे आहे. पालकांची बाजू अशी की, आपल्या मुलींना तेथे पाठविताना त्यांनी एका वचनावर भिस्त ठेवली होती, आणि लहान वयाच्या, परावलंबी मुलीच्या बाबतीत उघडे दार हेदेखील एक आमिष ठरू शकते. रमाबाईंची बाजू अशी की, शिकविणे निराळे आणि लपविणे निराळे, आणि स्वतःच्या प्रार्थनेवर पडदा टाकण्याचे वचन त्यांनी दिलेले नव्हते. दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिक होते. पण पेच सुटला तो दाराचा प्रश्न मिटून नव्हे, घर फुटून. कोणाचेच मन दुखवू नये या अटीवर उभारलेले स्वागत, यजमानाच्या श्रद्धेला घरात अदृश्य राहावयास सांगते. आणि यजमानाला स्वतःच्या घरात परका करून केलेले आतिथ्य टिकाऊ होत नाही, हे शारदा सदनाच्या इतिहासावरून दिसते.

याच रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिने संस्कृतप्रचुर भाषा बाजूस सारून शिक्षण न लाभलेल्या स्त्रियांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. त्या भाषांतरात मूळ भाषेचे वळण जागोजाग मराठीवर चढते आणि वाक्ये अवघडतात. भाषादृष्ट्या ही उणीव खरी आहे. पण कोणासाठी लिहावयाचे हा निर्णय त्यांनी घेतला होता, आणि त्यासाठी आपले सर्वांत मोठे धन, म्हणजे आपले संस्कृत, त्यांनी बाजूस ठेवले होते. पौलाच्या पहिल्या निर्णयाचे याहून चांगले मराठी उदाहरण सापडणे कठीण आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी नेमका उलट मार्ग धरला. रमाबाईंनी जो परंपरेचा शब्दसंभार टाळला, तो टिळकांनी आवर्जून जवळ केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी जी भजने रचिली, त्यांत ख्रिस्त माउली आणि गुरू या नात्यांनी येतो. वादाच्या गद्यातील ‘आम्ही-तुम्ही’ येथे उरत नाही, कारण भजनाचा संवाद ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात होतो, आणि तो ‘मी’ म्हणणारा प्रत्येक जण आपणच असतो. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यापासून चालत आली होती, टिळकांनी त्या वाटेस काव्याची उंची दिली. ऐकणाऱ्याला परके वाटावे असे त्यात काही राहू नये, ही त्यांची धडपड होती. श्रद्धेमुळे कोणी अडखळला तर तो त्याचा प्रश्न, पण तिच्या परकी पोशाखामुळे कोणी अडखळू नये, असा विवेक त्यामागे दिसतो.

या विवेकाचा शेवटचा टप्पा म्हणजे १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून, साताऱ्यास स्थापलेला ‘देवाचा दरबार’. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंस ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. ‘बाटणे’ या क्रियापदाने घातलेला धोंडा टिळकांनी अशा रीतीने दारातूनच उचलला. दोन वर्षांत ते निवर्तले आणि दरबारास स्थिर रूप येण्यास अवधीच मिळाला नाही. तरीही या कल्पनेवर दोन आक्षेप घेणे प्राप्त आहे. पहिला शब्दाचा. ‘दरबार’ म्हटले की मानकरी आले, आणि मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. देवाच्या दरबारात सारेच सेवक, असा टिळकांचा आशय खचितच होता, परंतु समानतेसाठी निवडलेला शब्द उतरंडीचा आहे हे विसरता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भक्तीची परिभाषा उसनी घेताना तिच्यातील न सुटलेला पेचही सोबत आला. अभंगाने चोखोबांना कंठाशी धरले होते, पण अस्पृश्यांना पंढरपूरच्या मंदिराचे दार १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. अभंगात सर्वांना बोलावणे आणि पायरीवर थांबविणे या दोन गोष्टी शतकानुशतके शेजारी नांदल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या ज्या मंडळ्यांमध्ये टिळक वावरले, त्यांतील बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते. ‘परकेपणा नको’ ही हाक सर्वाधिक ऐकली ती उच्चवर्णीय सुशिक्षिताने. ज्याच्या लेखी परकेपणा हा गावच्या विहिरीपाशीच सुरू होत होता, त्याची अडखळण या काव्याने तितक्या जवळून पाहिली, असे म्हणवत नाही.

ही पोकळी ज्या ग्रंथाने भरून काढली तो उपदेशाचा ग्रंथ नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच सोवळ्याचे जे चित्र येते ते मराठी गद्यात अपूर्व आहे. लेखिकेचे वडील बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात न घेण्याच्या थरास गेलेले होते, आणि त्या वेडात सारे घर कसे पिचून निघाले, हे ती हसत हसत सांगते. हा भाग केवळ विनोदासाठी आलेला नाही. पुढे नवऱ्याच्या धर्मांतराने तिच्यावर जो आघात झाला, त्याचे माप वाचकाला या आरंभावरून मिळते. बाहेरच्या जगाला स्पर्श म्हणजे विटाळ, हे ज्या देहाला बाळपणापासून शिकविले गेले, त्या देहाला पुढे सर्वांच्या पंगतीस बसावयाचे आहे.

टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे ती दूर राहिली. नंतर ती त्यांच्याकडे परतली, पण आपला स्वयंपाक आणि आपले सोवळे वेगळे ठेवून. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी ती स्वतःपुरती झगडली आणि तो माणसाचाच, या निष्कर्षास आली. त्यानंतर अन्नपाण्याचे बंधन गळाले, आणि बाप्तिस्मा त्याच्याही मागून आला. हा क्रम समीक्षकाने ध्यानात घ्यावा असा आहे. येथे सिद्धांत पंगतीच्या आधी आलेला नाही. पंगत आधी आणि संस्कार मागाहून, असा हा प्रवास आहे. आणखी विशेष असे की, तिच्या सोवळ्याच्या काळात टिळकांनी तिच्यासाठी वेगळी चूल सोसली. हे दुर्बलाच्या ताटाकडे पाहून आपले ताट आवरणे होते. ती चूल कायमची मात्र ठरली नाही, आणि वेगळ्या पंगतीचे तत्त्वज्ञान कोणी केले नाही.

वाङ्मय म्हणून ‘स्मृतिचित्रां’चे सामर्थ्य विनोदाचा रोख कोणीकडे आहे, यात आहे. वादाच्या गद्यात उपहास समोरच्यावर असतो, लक्ष्मीबाईंचा उपहास स्वतःवर आहे. जुन्या धर्मातील आप्तांविषयी तिच्या लेखणीत कटुता साठत नाही, आणि नव्या मंडळीतील माणसांची चित्रेही ती गुळगुळीत करीत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या वाचकाला त्या घरात बसावयास जागा मिळते. स्वागत हे यजमानाच्या उदारपणाचे प्रदर्शन नाही, त्यात पहिले दुखणे यजमानाच्याच अंगात उठते आणि ते त्याने सोसावयाचे असते, हा अर्थ या ग्रंथातून सहज उमटतो. येथे दुखावली गेलेली व्यक्ती लेखिका स्वतः आहे, आणि त्या दुखावण्याचा दावा ती कोणावरही लावीत नाही.

या विवेचनावरील एक आक्षेप शेवटी नोंदविणे न्याय्य होईल. येथे विचारात घेतलेले बहुतेक मराठी लेखक जन्माने उच्चवर्णीय आहेत. त्यांच्या लेखनात स्वागत हे वरून खाली उतरणाऱ्याचे आहे. तेथे सोडावयाचे ते सोवळे आणि सोसावयाची ती आप्तांची नाराजी. महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून मंडळीत आलेल्या माणसाला सोडावयास सोवळे नव्हते. त्याला विचारावयाचा प्रश्न निराळा होता. मला बोलावले, पण माझ्या हातचे पाणी कोण घेतो? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास या प्रश्नापासून पुन्हा लिहिला गेला, तर येथे काढलेले काही निष्कर्ष बदलतील, आणि ते बदलावयास हवेत. साहित्यविचाराने दीर्घकाळ बोलावणाऱ्याचे शब्द तपासले, बसणाऱ्याची साक्ष त्याने क्वचितच काढली.

तूर्त एवढे म्हणता येते की, कोणीही दुखावू नये आणि सर्वांचे स्वागत व्हावे, या दोन इच्छा एकाच वेळी पूर्णपणे पुऱ्या होत नाहीत. कोणाला तरी जवळ बसविले म्हणजे कोणी तरी उठून जातो, हे अंत्युखियास घडले आणि पुण्यासही घडले. अशा वेळी लेखनाचा आणि लेखकाचा कस लागतो तो, उठून जाणाऱ्याविषयी कटू शब्द न काढता बसलेल्याचे पान राखण्यात. लोणीसारख्या गावात आवतण आजही घरोघर जाते. ते चूलबंद आहे की नाही हे आवतण देणाऱ्याच्या शब्दांवरून कळत नाही, पाने कशी मांडली आहेत हे पाहूनच कळते.